दीड पट्टी खाली

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. दवाखान्यांतून खोक्यांत प्लास्टरचे साचे येत, कुणाच्या तरी वरच्या नाहीतर खालच्या हिरड्यांचे, आणि तो त्यांच्यावर मेण चढवून एकेक दात बसवत जाई. ज्यांच्यासाठी हे चाले त्यांच्यातल्या एकाचंही तोंड त्याने पाहिलेलं नसे. रस्त्यात कुणी मोकळेपणी हसलं की त्याची नजर आधी दातांवर जायची आणि मग, वेळ उरला तर, माणसावर. बायको म्हणायची, "बघायला आलात तेव्हा मला वाटलं, काय टक लावून बघतोय हा माणूस. नंतर कळलं, सुळे बघत होता."

कामाची जागा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत प्लास्टर आणि पाणी, दुसरीत मेण आणि आग. घासायचं यंत्र सुरू झालं की बोलणं बंद. संध्याकाळी घरी जाताना भुवयांवर पांढरी पूड असायची आणि जिन्यात भेटणारी शेजारीण दर वेळी म्हणायची, "काय, आज पीठ दळलंत वाटतं?" हा विनोद पंधरा वर्षं चालला होता आणि दोघांपैकी कुणालाच तो थांबवावासा वाटला नव्हता.

कवळी घासून गुळगुळीत झाली की शेवटची तपासणी बोटाने करायची. डाव्या हाताची तर्जनी कडेवरून अलगद फिरवायची. डोळ्याला न दिसणारी धार बोटाला कळते. कवळी नीट बसली की माणूस तिला विसरतो, आणि विसरला की काम चांगलं झालं. आपण केलेलं कुणाच्या लक्षातही राहू नये यासाठी तो रोज दहा तास खपत होता. याचं त्याला दुःख होतं असं नाही. फक्त पन्नाशी उलटल्यावर कधी कधी हातातला साचा खाली ठेवून तो खिडकीबाहेर बघत बसायचा. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती.

विशीत तो गिटार वाजवायचा. चौघांचा बँड होता. बँडची नावं तीन झाली, त्यातलं एकही टिकलं नाही. कॉलेजांच्या कार्यक्रमांत, कुणाच्या तरी गच्चीवर, एकदा सर्कशीच्या रिकाम्या तंबूत त्यांनी वाजवलं. मग एकाची बदली झाली, एकाचे वडील अंथरुणाला खिळले, याचं लग्न ठरलं. भांडण झालं नाही. बँड फुटला नाही, वाळला. गिटार कापडात गुंडाळून माळ्यावर गेली, तिच्यापुढे बॅगा आल्या, बॅगांपुढे मुलीची जुनी सायकल.

घरातलं बेसिन फुटलं म्हणून तो एका दुकानात गेला. फरशा, नळ, बेसिनं, कमोड, सगळं पांढरंशुभ्र आणि रांगेत. काउंटरमागचा माणूस मान खाली घालून पावत्या लावत होता.

"काय हवंय?" माणसाने विचारलं.

त्या दोन शब्दांनी आजूबाजूच्या बेसिनांतून बारीक घुमारा उठला. असा आवाज त्याच्या माहितीत एकाचाच होता.

"भोंग्या?"

त्या माणसाने चष्मा कपाळावर चढवला. "आयला! दात्या! मला वाटलं मेलास."

"बेसिन फुटलं."

"कुणाच्या डोक्यात?"

हा भोंगा, बँडचा गायक. तरुणपणी तो जिन्यात खोकला तरी वरच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघत. दात्या हे नाव त्यानेच ठेवलं होतं, हा कवळ्यांचं काम नुकतं शिकत होता तेव्हा. अर्ध्या तासात चहा दोनदा झाला. बेसिनाचा विषय निघालाच नाही, ते त्याने पुढच्या खेपेला नेलं.

"गिटार आहे का अजून?" भोंग्याने विचारलं.

"माळ्यावर आहे."

"आणि तू?"

"मीपण जवळजवळ तिथेच."

भोंगा मोठ्याने हसला, मग एकदम हसणं थांबवून म्हणाला, "मागे गोदाम आहे. खोकी भिंतीला लावली की आवाज बाहेर जात नाही. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ये."

बाकीचे दोघेही सापडले. बेस वाजवणारा शाळेत गणित शिकवत होता, त्याला आता सगळेच मास्तर म्हणत. ड्रम वाजवणारा फ्रिज दुरुस्त करायचा, म्हणून त्याचं नाव बर्फ. मास्तरची ढेरी बेसच्या मागे मावत नव्हती आणि बर्फला अर्ध्या तासाने कंबर धरून उभं राहावं लागायचं, पण चौघे जमले.

घरी मात्र कसोटी होती. त्याने माळ्यावरून गिटार काढली तेव्हा बायको शिडी धरून उभी होती.

"या वयात लोक गुडघ्याला तेल लावतात," ती म्हणाली. "तुम्ही गिटारला लावा."

"बाबा, केस वाढवणार का?" मुलीने विचारलं.

"कुठून?" बायको म्हणाली.

पण कापड सोडवून त्याने पहिली तार छेडली तेव्हा ती धूळ पुसायचं फडकं हातात तसंच धरून थोडा वेळ उभी राहिली.

बोटांची टोकं मऊ पडली होती. पहिल्या आठवड्यात ती सोलली, दुसऱ्यात सुजली, मग हळूहळू घट्टे धरू लागले. या घट्ट्यांनी एक वेगळीच अडचण केली. एका म्हातारीची कवळी परत आली, आतल्या बाजूला टोचते म्हणून. असं कधी होत नसे. त्याने ती हातात घेऊन तर्जनी फिरवली, काहीच लागलं नाही. उजव्या हाताचं बोट फिरवलं, तर धार होती. डाव्या बोटाला आता कळत नव्हतं. तेव्हापासून तो उजव्या हाताने तपासू लागला. सवय व्हायला वेळ लागला. मालकांनी विचारलं, "हाताला काय झालं?" तो म्हणाला, "भाजलं थोडं."

गोदामात पहिले काही दिवस नुसता गोंगाट झाला. कोणतं बोट कुठे पडायला हवं हे त्याला आठवत होतं, पण बोट तिथे पोचेपर्यंत गाणं पुढे गेलेलं असे. तरी दुपार संपली की त्याला वाटे, आज आपण कुठेतरी होतो. बाकीचे सहा दिवस तो दुसऱ्यांच्या तोंडांत असायचा. इथे त्याने तार ओढली की तीन माणसं मान वळवून बघत. चुकलं की शिव्या देत. विसरत कुणी नव्हतं.

अडलं ते भोंग्याच्या आवाजापाशी.

त्यांचं स्वतःचं एक गाणं होतं, पुलावरचं गाणं. सगळ्यात जुनं आणि सगळ्यांचं आवडतं. त्यातली तिसरी ओळ एकदम वर चढायची आणि तिथेच राहायची. तरुण भोंगा त्या ओळीवर डोळे मिटून, हात सोडून उभा राहायचा. आता त्या ओळीला त्याचा आवाज फाटला. "घसा बसलाय आज," तो म्हणाला. पुढच्या वेळीही फाटला. तिसऱ्या वेळी तो माईक खोक्यावर ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला.

मास्तर म्हणाला, "पट्टी थोडी खाली घेऊ. सगळेच घेतात."

भोंगा आत आला. "म्हणजे काय करायचं? म्हातारपण जाहीर करायचं? लोक म्हणतील, तेच गाणं, पण वाकून. त्यापेक्षा मी फरशा विकतो. तुम्ही दुसरा गायक बघा."

तो नुसता बोलत नव्हता, तसं करणारा होता. आणि गोदाम त्याचं होतं. तो उठला की खोकी पुन्हा मधोमध येणार, मास्तर आपल्या वह्यांकडे, बर्फ आपल्या फ्रिजांकडे, आणि गिटार बॅगांमागे. दात्याला हे सगळं एखाद्या साच्यासारखं समोर दिसलं, प्रत्येक खड्डा नेमका.

पुढच्या वेळी तो लवकर गेला. मास्तरलाही लवकर बोलावलं होतं. दोघांनी मिळून गिटार आणि बेसच्या सगळ्या तारा सारख्याच सैल केल्या. अर्धी पट्टी. असं केलं की बोटं जुन्याच जागी पडतात, सूर मात्र खालचा निघतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. भोंग्याला स्वतःला वाद्य येत नव्हतं, तो गाताना दात्याच्या डाव्या हातावर नजर ठेवून असे, आणि तो हात होता तिथेच होता. बर्फला सुराचं काही पडलेलं नव्हतं, त्याला फक्त ठोका कळायचा.

दुसऱ्याच्या तोंडात त्याला पत्ता लागू न देता काहीतरी बसवून देणं, हेच तर दात्याचं काम होतं.

अर्ध्याने भागलं नाही. महिन्याभरात आणखी अर्धी उतरवली, मग आणखी अर्धी. दीड पट्टी खाली. सैल तारा फडफडू लागल्या तेव्हा त्याने जाड तारा चढवल्या. आणि एका दुपारी भोंगा तिसऱ्या ओळीवर चढला, तिथे राहिला, आणि उतरला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आला रे," तो म्हणाला. "परत आला."

बर्फने दोन्ही काठ्या हवेत उडवल्या, त्यातली एक कमोडांच्या खोक्यांमागे पडली आणि ती शोधण्यात उरलेली दुपार गेली. मास्तर आणि दात्या एकमेकांकडे न बघता शोधत होते.

भोंगा बदलला. दुकानात गिऱ्हाइकांना उगाच सूट देऊ लागला. मास्तरच्या शाळेत जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता, तिथे वाजवायचं त्याने परस्पर ठरवून टाकलं. पण एक गोष्ट त्याला छळत होती. त्याची बायको घरी मुलांना कीबोर्ड शिकवायची. तिच्यासोबत गाऊन बघितलं तर तिसरी ओळ लागत नव्हती.

"घरचा कीबोर्ड चढलाय," तो एके दिवशी गोदामात म्हणाला आणि बर्फसमोर कीबोर्ड आदळला. "उघड बघू. फ्रिज उघडतोस तसा उघड."

"मी फक्त गार होतोय की नाही एवढंच सांगू शकतो," बर्फ म्हणाला. तरी त्याने तो उघडला, धूळ काढली, बंद केला. भोंग्याने तो वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडेही नेला. त्याने सांगितलं, काही बिघाड नाही.

मग भोंग्याने स्वतःच त्याचा उलगडा केला. खोक्यावर बसून, पाय हलवत, तो म्हणाला, "माझ्या लक्षात आलंय. घरी एकट्याने गायलो की आवाज तिथपर्यंत जातच नाही. तुमच्यात आलो की जातो. वाद्याचा काही संबंध नाही. तुम्ही लोक हवेत मला, बस."

मास्तर चष्मा पुसू लागला. दात्याने गिटार उगाच कापडात गुंडाळली आणि पुन्हा बाहेर काढली. हा माणूस आपल्यावर इतका विश्वास टाकून बसलाय आणि आपण त्याच्या तोंडावर खोटं वाजवतोय, हे त्याला कळलं. पण मेळावा अडीच आठवड्यांवर आला होता. होऊन जाऊ दे, मग बघू, असं त्याने मनाला सांगितलं. मनाने लगेच ऐकलं. यावरूनच काय ते समजायला हवं होतं.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी भोंगा बायकोला घेऊन आला. मेळाव्यात तीही वाजवणार होती, हे त्याचं गुपित होतं. वहिनींनी दोन खोक्यांवर कीबोर्ड ठेवला, पदर खोचला आणि पुलावरच्या गाण्याचे पहिले सूर धरले. त्याच क्षणी दात्याने गिटार छेडली. दोन गाड्या एकमेकींवर आदळाव्यात तसं झालं. बर्फनेसुद्धा तोंड वाकडं केलं.

"वायर सैल असेल," मास्तर घाईने म्हणाला, कीबोर्डवर वाकला आणि त्याने एक बटण तीनदा दाबलं. ते बटण एकदा दाबलं की कीबोर्ड अर्धी पट्टी उतरतो. छोट्या काचेवर उणे तीन असा आकडा उमटला. वहिनींनी आकडा पाहिला. मग मास्तरकडे पाहिलं. मग दात्याकडे. आणि पुन्हा सुरुवात केली. आता सगळं जुळलं.

"बघ!" भोंगा ओरडला. "मी म्हणत नव्हतो, तुझा कीबोर्ड चढलाय?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "आत्ता उतरला."

गाणं नीट झालं. तिसरी ओळ तर फारच छान झाली. नंतर भोंगा आणि बर्फ चहा आणायला गेले तेव्हा वहिनी बेसिनांच्या रांगेपाशी आल्या.

"भावजी, केव्हापासून?"

"जवळजवळ सुरुवातीपासून."

"दीड?"

"हो, दीड."

"मला घरी वेडं ठरवलंय चार महिने. हात बसत नाहीत म्हणे माझे." त्या हसल्या नाहीत. "त्याचं काही नाही. यांचा आवाज नुसता गाताना कुठे फाटतो? बोलताना कधी ऐकलंत नीट? संध्याकाळपर्यंत आवाज खरखरीत होतो, सकाळी फोनवर शब्द निघत नाही. तुम्हाला कसं कळणार, तुम्ही गिटारच्या आवाजात असता. घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुर्बिणीने आत बघावं लागेल. तारीख घेतली होती."

"मग?"

"रद्द केली यांनी. म्हणाले, ज्याला पुलावरचं गाणं जुन्या पट्टीत म्हणता येतं त्याच्या घशात काय असणार आहे?"

दात्या समोरच्या बेसिनाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"मी सांगितलं तर म्हणतील, कीबोर्ड बिघडला तशी तूही बिघडलीस," वहिनी म्हणाल्या. "उतरवलंत तुम्ही. तुम्हीच सांगा."

चहा आला. तो गोड होता की नव्हता हे दात्याला नंतर आठवेना.

मास्तरला त्याने त्याच संध्याकाळी बसस्टॉपवर गाठलं. मास्तरने गणित मांडलं. मेळावा दहा दिवसांवर. घशात जे काही असेल ते दहा दिवस वाट बघेल. आत्ता सांगितलं तर मेळावाही गेला, बँडही गेला आणि भोंगाही गेला. नंतर सांगितलं तर निदान एक कार्यक्रम हाती लागला.

"नंतर आपण सांगू?" दात्याने विचारलं.

"सांगू की."

"खरंच सांगू?"

मास्तरने बसचा नंबर वाचायचं नाटक केलं. "नाही सांगणार," तो शेवटी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात्याने एक वरची कवळी पूर्ण केली, पुढच्या सहा दातांची रांग पुन्हा पुन्हा मोडून लावली आणि जेवणाच्या सुट्टीत बायकोला फोन करून सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "गिटार पुन्हा माळ्यावर जाईल म्हणून घाबरताय ना?"

"हो."

"मी नाही ठेवू देणार. तिथे आता मी पिंप ठेवलंय. जा आणि बोला त्याच्याशी."

तो घरी जाऊन गिटार घेऊन दुकानात गेला. नुसत्या शब्दांवर भोंगा विश्वास ठेवणार नाही, हे त्याला माहीत होतं.

दुकानात एक जोडपं दोन पांढऱ्या फरशांपुढे उभं होतं. बायको म्हणत होती ही जास्त पांढरी आहे, नवरा म्हणत होता दोन्ही सारख्याच आहेत. ते निर्णय न घेता निघून गेले.

"गिटार घेऊन दुकानात?" भोंगा म्हणाला. "वसुलीला आलास का भीक मागायला?"

"भोंग्या, आम्ही तारा उतरवल्यात. दीड पट्टी."

"म्हणजे?"

"तू गातोस ते जुन्या पट्टीत नाही."

भोंगा हसला. "अरे, मी बघतो ना. बोटं तिथेच असतात तुझी."

"बोटं तिथेच राहतात. तारा सैल केल्या की बोटं हलवावी लागत नाहीत."

भोंग्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, विसरल्यासारखं. "कुणाकुणाला माहीत आहे?"

"मास्तरला. बर्फला नाही. वहिनींना काल कळलं."

"चढव," भोंगा म्हणाला.

"आता नको. आधी डॉक्टरकडे..."

"चढव म्हणतो ना!"

दात्या एका कमोडच्या झाकणावर बसला आणि खुंट्या पिळू लागला. जाड तारा इतक्या ओढायच्या नव्हत्या. लाकूड करकरलं. एकेक तार जुन्या पट्टीत आली. त्याने पुलावरचं गाणं धरलं आणि भोंगा पांढऱ्या रांगांच्या मधोमध उभा राहून गाऊ लागला. पहिली ओळ ताणून निघाली. दुसरी जेमतेम. तिसऱ्या ओळीला आवाज फाटलासुद्धा नाही. आवाज आलाच नाही, तोंडातून नुसती हवा आली. त्याने पुन्हा सुरुवात करायला लावली. पुन्हा तिथेच हवा. दारातून एक गिऱ्हाईक आत आलं आणि तसंच मागे फिरलं.

"चार महिने," भोंगा म्हणाला. "आणि मी हिला सांगत होतो, ते लोक असले की लागतो."

"मला भीती वाटली, तू सोडून जाशील."

"म्हणून मला बनवलंस."

"माझं वाजवणं बंद पडेल म्हणून. तुझ्यासाठी नाही केलं. उगाच चांगुलपणा दाखवत नाही."

भोंगा काउंटरमागे गेला. पावत्यांचा गठ्ठा उचलला, टेबलावर आपटून सरळ केला. "बेसिन नीट बसलंय ना?" त्याने विचारलं, गिऱ्हाइकाला विचारतात तसं.

"बसलंय."

"मग झालं. ये आता."

मेळावा झाला. बँडच्या जागी शाळेने प्रश्नमंजूषा ठेवली. मास्तरलाच प्रश्न काढावे लागले आणि ते इतके अवघड निघाले की बक्षीस कुणालाच देता आलं नाही. बर्फला दात्याने सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे इतके दिवस मी एकटाच बरोबर वाजवत होतो."

बाकीचं वहिनींच्या फोनवरून कळत गेलं. दुर्बिणीने पाहिलं तेव्हा आवाजाच्या पडद्यावर गाठ निघाली. काढली. तपासायला पाठवली ती साधी निघाली. आणखी वर्षभर ओरडत राहिले असते तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. वरचा आवाज परत येईल का, असं वहिनींनी विचारलं त्यावर डॉक्टरांनी खांदे उडवले. तूर्त एकच औषध, बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही.

दात्या दुकानात गेला. भोंगा काउंटरमागे होता. त्याने मान वर करून पाहिलं, स्टूल पुढे सरकवलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. दात्या तासभर बसला. गिऱ्हाइकं येत होती, भोंगा बोटाने किमतीच्या पाटीकडे दाखवत होता, लोक घासाघीस करत होते, तो मान हलवत होता. वहिनी म्हणाल्या, "विक्री वाढलीये. बोलत नाहीत म्हणून भावही सोडत नाहीत."

डॉक्टरने सांगितलं म्हणून गप्प राहणारा माणूस आणि रागाने गप्प राहणारा माणूस दिसायला सारखाच असतो. दात्या पुढेही दोनदा गेला, स्टूलवर बसला, परत आला. त्याला उत्तर हवं होतं आणि उत्तर द्यायला समोरच्याला मनाई होती. एकदा निघताना तो म्हणाला, "रागावला असशील तर नुसती मान हलव." भोंग्याने त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मान हलवली नाही. होकारार्थीही नाही आणि नकारार्थीही नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. "गोदामाचं कुलूप काढलंय यांनी. मी काही विचारलं नाही. तुम्ही या."

ते आले. मास्तर, बर्फ, दात्या. वहिनींनी कीबोर्ड ठेवला. भोंगा नव्हता. कुणासाठी उतरवायचं हा प्रश्न आता नव्हता, म्हणून तारा जुन्या पट्टीत होत्या. गायकाशिवाय दोन गाणी झाली. खोकी भिंतीला लावायची राहिली होती, आवाज बाहेर जात होता, कुणी उठलं नाही. पुलावरचं गाणं सुरू झालं तेव्हा भोंगा दारात येऊन उभा राहिला. गळ्याला मफलर. आत येऊन तो एका खोक्यावर बसला.

पहिली ओळ वाजली, दुसरी वाजली. तिसरीच्या तोंडाशी भोंग्याने हात वर केला.

सगळे थांबले. बर्फ थोडा उशिरा.

भोंगा उठून दात्यासमोर आला. त्याने गिटारच्या डोक्याकडे हात नेला, सगळ्यात जाड तारेची खुंटी धरली आणि पिळली. त्याला गिटार लावता येत नव्हती, कोणत्या बाजूने तार सैल होते हेही माहीत नव्हतं. तार आधी किंचाळली. दात्याने त्याचं मनगट धरून दुसऱ्या बाजूला वळवलं आणि सोडून दिलं. आता भोंगा सैल करत गेला. दात्या तार छेडत होता, भोंगा दुसरा हात मफलरखाली गळ्यावर ठेवून ऐकत होता. आवाज न काढता, इथे पोचेन, इथे नाही, असं काहीतरी तो आतल्या आत मोजत असावा. तार खाली गेली, आणखी खाली गेली. दीडच्याही खाली गेली. मास्तरने तोंड उघडलं आणि वहिनींनी त्याच्याकडे बघितल्यावर मिटलं.

मग भोंग्याने हात काढला. दात्याने तार पुन्हा छेडली. भोंग्याने मान हलवली. हो.

वहिनी कीबोर्डवर तो सूर शोधू लागल्या. एक पट्टी दाबली, तिच्या शेजारची दाबली. "हा माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "दोघींच्या मधे कुठेतरी आहे."

"मग थोडा वर घेऊ," मास्तर म्हणाला. "किंवा थोडा खाली. नेमका तरी होईल."

"नको," दात्या म्हणाला.

"कीबोर्डचं काय मग?"

"मी नाही वाजवत हे गाणं," वहिनी म्हणाल्या. "ऐकते."

भोंगा पुन्हा खोक्यावर जाऊन बसला. तो एक शब्दही बोलला नव्हता आणि अजून बरेच दिवस बोलणार नव्हता. दात्याने गिटार मांडीवर घेतली आणि उरलेल्या पाच तारा त्या एका तारेला जुळवायला बसला. कोणत्याच यंत्रावर ती पट्टी सापडणार नव्हती, कानानेच जुळवावं लागत होतं. त्याला वेळ लागला. बाकीचे थांबले.